ग्रीक उपसर्ग पाठ केले तर युरोपातल्या किती भाषांत वाट सापडते?

रेवा (प्रश्न)

नमस्कार मंडळी,

औषधांच्या दुष्परिणामांचे अहवाल तपासणं हे माझं रोजचं काम. युरोपातल्या निरनिराळ्या देशांतून ते येतात. सोबत इंग्रजी भाषांतर असतं आणि मूळ प्रतही जोडलेली असते. भाषांतरातलं एखादं वाक्य खटकलं की मी मूळ प्रत उघडते. मला जर्मन बऱ्यापैकी येतं, बाकीच्या भाषांचा गंधही नाही. तरी निदानाच्या ओळीवर नजर गेली की शब्द ओळखीचा वाटतो आणि तेवढ्यावर पुष्कळदा काम भागतं.

एक उदाहरण देते. रक्तातलं पोटॅशियम वाढणं. इंग्रजीत हायपरकलेमिया. जर्मन प्रतीत ह्यूपरकालिएमी, फ्रेंचमध्ये इपेरकालिएमी, इटालियनमध्ये इपेरकालिएमिया, रशियनमध्ये गिपेरकालिएमिया. शब्द एकच, सरहद्द ओलांडली की उच्चार तेवढा बदलतो.

आता विचारायचं ते असं. इटालियनमधला ह कुठे गेला आणि रशियनमध्ये त्याचा ग कसा झाला? हे उपसर्ग नीट बसून पाठ केले तर मी कुठे फसेन? शब्द ओळखीचा वाटला की आपण पुढे तपासत नाही, आणि माझ्या कामात 'हायपर'च्या जागी 'हायपो' वाचलं तर अर्थ पार उलटा होतो, म्हणून ही भीती मला जास्त आहे. आणि शेवटचं म्हणजे, पोलिश प्रतींत हे उपसर्ग मला अनेकदा दिसतच नाहीत. रक्तदाब वाढण्याला तिथे 'नादचिश्न्येन्ये' म्हणतात. यात ग्रीक काय आहे?

निमिष

ह आणि ग पुरतं मी सांगतो, बाकीचं जाणकार सांगतीलच.

ग्रीक लेखनात शब्दारंभीच्या ह साठी अक्षर नव्हतं, पहिल्या स्वरावर एक बारीक खूण असायची. रोमन लोकांनी ग्रीक शब्द लॅटिनमध्ये घेताना त्या खुणेच्या जागी एच लिहिला. पुढे बोलण्यातून तो ह गळाला. फ्रेंच आणि स्पॅनिश लोकांनी तो लिहायचा ठेवला आणि उच्चारायचा सोडला. इटालियन लोकांनी लिहिणंही सोडलं, म्हणून त्यांचं 'इपेर' सरळ आय या अक्षराने सुरू होतं. गंमत म्हणजे आजच्या ग्रीकमध्येही ह उरलेला नाही, तिथेही 'इपेर'च म्हणतात.

रशियनमध्ये आपल्यासारखा ह नाही. परक्या शब्दातला ह तिथे परंपरेने ग होतो. हॅम्बुर्ग तिथे गामबुर्ग आणि तत्त्वज्ञ हेगेल तिथे गेगेल. तेव्हा 'गिपेर' म्हणजे हायपर आणि 'गिपो' म्हणजे हायपो, बिनधास्त वाचा.

चौथी विभक्ती

रेवा, तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. मी जर्मन आणि इटालियनमधून तांत्रिक आणि वैद्यकीय मजकुराचा अनुवाद करते, रशियन वाचण्यापुरतं येतं. हे उपसर्ग माझ्या रोजच्या हाताखालचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक भेद करा, त्याचा उपयोग शेवटपर्यंत होईल. ज्यांना आपण सरसकट ग्रीक उपसर्ग म्हणतो त्यांत दोन जाती आहेत. बायो, जिओ, टेली, मायक्रो, हायड्रो, न्यूरो हे खरे उपसर्ग नव्हेत. ती समासातली पूर्वपदं आहेत. बायो म्हणजे जीवन, जिओ म्हणजे पृथ्वी, न्यूरो म्हणजे मज्जातंतू. यांचा अर्थ कुठल्याही भाषेत गेलात तरी फारसा हलत नाही. एकदा शिका आणि निर्धास्त व्हा.

खरे उपसर्ग थोडे आहेत. प्राचीन ग्रीक वैयाकरणांनी अशी 18 अव्ययं मोजली होती. सहा एका अक्षराची, म्हणजे एका दमात उच्चारायची: एन, एइस, एक (स्वरापुढे एक्स), सुन, प्रो, प्रोस. बारा दोन अक्षरांची: आना, काता, दिया, मेता, पारा, आन्ती, एपी, पेरी, आम्फी, आपो, हुपो (तुमचा हायपो), हुपेर (तुमचा हायपर). त्यांच्या जोडीला नकाराचा अ किंवा अन, वाईट या अर्थाचा दुस (इंग्रजीतला डिस, वाय घालून लिहितात तो) आणि चांगल्या अर्थाचा एउ. एवढीच मंडळी. पाठ करायला एक निवांत दुपार पुरे. मात्र अर्थाने निसटतात ते हेच, कारण मुळात ही दिशा दाखवणारी अव्ययं होती. वर, खाली, भोवती, बाजूला, आरपार. दिशेवरून प्रमाण, प्रमाणावरून विरोध, असा अर्थ सरकत गेला.

दुसरी गोष्ट संधीची. उपसर्ग पाठ असूनही शब्दात ओळखू येत नाही, तो संधीमुळे. 'होदोस' म्हणजे रस्ता, हा एकच शब्द घ्या. मेता अधिक होदोस म्हणजे मेथड. मेताचा शेवटचा आ गेला, त याला ह चिकटला आणि थ झाला. पेरी अधिक होदोस, पीरियड, भोवती फिरून येणारा रस्ता. सुन अधिक होदोस, सिनड, एकत्र चालत येणं, म्हणून धर्मसभा. एक्स अधिक होदोस, एक्सोडस, बाहेरचा रस्ता. ग्रीसमध्ये आजही बाहेर जाण्याच्या दारावर 'एक्सोदोस' अशीच पाटी असते. आणि विजेच्या प्रयोगांसाठी मायकेल फॅरडेला 1834 मध्ये नवी नावं हवी होती, तेव्हा इंग्रज विद्वान विल्यम ह्युएलने त्याला सुचवली ती याच रस्त्याची: आना अधिक होदोस, ॲनोड, वर जाणारा, काता अधिक होदोस, कॅथोड, खाली जाणारा. इंग्रजी कॅथोडमधला थ हा त्या त आणि ह यांचा संधी. जर्मनमध्ये तोच काटोडे, स्पॅनिशमध्ये कातोदो, रशियनमध्ये कातोद.

मला या कुटुंबाचं फार कौतुक वाटतं, कारण प्रत्येक भाषेचा स्वभाव त्यात उघडा पडतो. ग्रीकमध्ये होदोस स्त्रीलिंगी, पण रूप पुल्लिंगी दिसणारं. फ्रेंच आणि जर्मन लोकांनी मेथड स्त्रीलिंगीच ठेवली, स्पॅनिश आणि इटालियन लोकांनी शेवटचा ओ पाहून तिला पुल्लिंगी केलं.

तुमच्या अहवालांतलं उदाहरण द्यायचं तर 'पॅरेंटरल'. पारा म्हणजे बाजूने, एन्तेरॉन म्हणजे आतडं. आतड्याची वाट टाळून दिलेलं औषध, म्हणजे इंजेक्शन, सलाईन वगैरे. इथेही पाराचा शेवटचा आ गळाला आहे. इटालियन पारेंतेराले, रशियन पारेंतेराल्नी, फ्रेंच पारांतेराल, सगळीकडे तेच. आई-वडिलांच्या इंग्रजी शब्दाशी याचा काही संबंध नाही.

सुन तर फारच रूपं बदलतो. प, ब, म समोर आले की सिम: सिम्प्टम, सिम्बॉल, सिमेट्री. ल आला की सिल: सिलॅबल. काही ठिकाणी न साफ जातो: सिस्टम. सिंड्रोममध्ये मात्र तो जसाच्या तसा आहे.

परसवर्ण

चौथी विभक्ती ताईंनी सुनचं सांगितलं ते वाचून राहवलं नाही. संस्कृत शिकलेल्या माणसाला यात नवीन काहीच नाही. आपल्या सम् चं बघा: संगीत, संचय, संताप, संपत्ती. लिहिताना आपण एक अनुस्वार देतो, पण उच्चारात पुढच्या वर्गाचं अनुनासिक येतं. तोच नियम. (सुन आणि सम् हे सख्खे नाहीत, काम तेवढं एक आहे. सम् चा खरा ग्रीक भाऊ म्हणजे होमोजीनियसमधला होमो, आपला 'सम', सारखा.)

रेवाताई, माझं सांगणं असं की तुम्ही कोरी पाटी घेऊन बसू नका. निम्मे उपसर्ग तुम्हाला आधीच येतात, कारण ते आपल्याकडच्या उपसर्गांचे नात्यातले आहेत. हुपेर आणि उपरि. हुपो आणि उप. पेरी आणि परि. आपो आणि अप. प्रो आणि प्र. एपी आणि अपि. दुस आणि दुस् किंवा दुर्. एउ आणि सु. हे उच्चारसाम्यावरून जुळवलेले नाहीत, एकाच मूळ भाषेतून आलेले आहेत.

नकाराचा अ तर नियमासकट सारखा आहे. व्यंजनापुढे अ, स्वरापुढे अन. आपल्याकडे अज्ञान पण अनादी, अशक्य पण अनिच्छा. ग्रीकमध्ये अ-थेओस, देव न मानणारा, पण अन-आर्खिया, म्हणजे अनार्की, राज्यकर्ता नसणं. ॲनिमिया हा अन अधिक हाइमा, रक्त. ॲन्युरिया, लघवी न होणं, तिथेही पुढे स्वर म्हणून अन. हे तुम्हाला शिकावं लागणार नाही, जिभेला माहीतच आहे.

शाळेतल्या भूमितीतली परिमिती घ्या. परि अधिक मिती. ग्रीक पेरिमेत्रोस, पेरी अधिक मेत्रॉन. दोन्ही तुकडे नात्यातले आहेत, कारण मेत्रॉन आणि आपला मा धातू, ज्यावरून माप, मात्रा, परिमाण आले, एकाच मुळाचे. मला वाटतं, एवढा चोख जुळणारा शब्द दुसरा नसेल.

अर्थ मात्र कुठे कुठे वेगळ्या वाटेने गेला. उप म्हणजे आपल्याकडे जवळ, किंवा दुय्यम. ग्रीक हुपो म्हणजे खाली. अन्ति म्हणजे वैदिक भाषेत जवळ, समोर. ग्रीक आन्तीसुद्धा मुळात समोर असाच होता, समोरचा म्हणजे विरोधातला असा पुढे झाला. कातासाठी आपल्याकडे काही नाही, तो वेगळा लक्षात ठेवा.

रेवा

परसवर्ण, परिमितीचं वाचून खुर्चीतच ताठ बसले! अन चा नियम तर खरंच आपोआप कळतो.

पोलिशचं अजून कोणी सांगितलं नाही. आणि जर्मन प्रतींतही मला दोन्ही दिसतं. वाढलेल्या रक्तदाबाला एका डॉक्टरांच्या पत्रात हायपरटोनी, दुसऱ्याच्या पत्रात ब्लूटहोखड्रुक. हे एकच ना?

चौथी विभक्ती

हो, एकच. आणि हा मुद्दा फार मोलाचा आहे, कारण सगळ्या युरोपाने ग्रीक तसंच्या तसं उचललं असा समज चुकीचा आहे. काही भाषांनी शब्द घेतला, काहींनी शब्दाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याचं आपल्या भाषेत भाषांतर केलं.

पोलिशचा नाद म्हणजे वर. चिश्न्येन्ये म्हणजे दाब. म्हणजे वरचा दाब, हायपरटेन्शन. कमी दाब न्येदोचिश्न्येन्ये, त्यातला न्येदो म्हणजे पुरेसा नसलेला. थायरॉइडचंही तसंच: जास्त काम करणं नादचिन्नोश्च, कमी काम करणं न्येदोचिन्नोश्च. ॲलर्जीच्या संदर्भात नादव्राझलिवोश्च दिसला तर ती हायपरसेन्सिटिव्हिटी. तुम्ही पोलिशसाठी नाद आणि न्येदो एवढे दोन लक्षात ठेवा, तुमच्या कामातला बराच भाग उलगडेल.

जर्मन लोक दोन्ही वापरतात. कागदोपत्री ह्यूपर आणि ह्यूपो, रुग्णाशी बोलताना यूबर आणि उंटर. साखर कमी होणं म्हणजे ह्यूपोग्लुकेमी आणि तेच उंटरत्सुकरुंग. अतिसंवेदनशीलता यूबरएम्फिंडलिशकाइट. त्यातला यूबर आणि हुपेर, आणि परसवर्ण म्हणाले तो उपरि, तिन्ही एकाच मुळाचे.

ही तुकड्यांच्या भाषांतराची पद्धत जुनी आहे. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्वाझिएने ऑक्सिजन हे नाव बनवलं, ऑक्सुस म्हणजे आंबट आणि जेन म्हणजे जन्म देणारा, कारण सगळ्या आम्लांत हा वायू असतोच असं त्याला वाटत होतं. ती समजूत पुढे टिकली नाही, पण तोवर जर्मन लोकांनी त्याचं झाउअरश्टोफ, आंबट द्रव्य, आणि रशियन लोकांनी किस्लोरोद, आंबटाला जन्म देणारा, असं शब्दशः भाषांतर करून टाकलं होतं. ते शब्द अजून चालू आहेत.

टेलिफोनचंही जर्मनीत असंच झालं. टपालखात्याचे प्रमुख हाइनरिश फॉन श्टेफान यांनी फेर्नश्प्रेशर हा शब्द रूढ केला, फेर्न म्हणजे दूर. आज बोलण्यात टेलेफोनच जिंकला आहे. पण टेलिव्हिजनला मात्र अजून फेर्नझेएनच म्हणतात, दूरचं पाहणं. आपल्या दूरदर्शनची घडण अगदी तीच. आइसलँडमध्ये तर टेली घेतलाच नाही. दोरा या अर्थाचा 'सीमी' हा जुना शब्द त्यांनी टेलिफोनला दिला.

खुद्द ग्रीकांचं वागणं मला सर्वांत आवडतं. टेलिव्हिजन हा शब्द अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. ग्रीकांनी लॅटिन अर्धा काढून तिथे आपला बसवला: तिलेओरासी. ऑटोमोबाइलही तसाच मिश्र, त्याचं त्यांनी केलं आफ्तोकिनितो, आपणहून हलणारं. आणि स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन लोकांनी ऑटोमोबिलचं ग्रीक तोंडच छाटून शेवटचा लॅटिन तुकडा तेवढा ठेवला. तिकडे मोटारीला नुसतं 'बिल' म्हणतात.

आता तुमचा फसण्याचा प्रश्न. यावर मी थोडी तळमळीने लिहिते, कारण अशा जागांवर भाषांतरं बिघडलेली मी पाहिली आहेत.

पहिला सापळा आन्ती. ग्रीक आन्ती म्हणजे विरुद्ध आणि लॅटिन आन्ते म्हणजे आधी. इटालियनमध्ये दोन्ही अनेकदा 'आन्ती' असेच लिहिले जातात. आन्तिबियोतिको म्हणजे प्रतिजैविक, ग्रीक. आन्तिकामेरा म्हणजे मुख्य खोलीच्या आधीची खोली, लॅटिन. फ्रेंचमध्ये आंतिदाते म्हणजे आधीची तारीख घालणं, तारखेला विरोध नव्हे. तारखा तुमच्या अहवालात असतातच, तेव्हा इथे जपा.

दुसरा दुस. इटालियन आणि स्पॅनिशमध्ये वाय जाऊन आय आला, त्यामुळे ग्रीक दुस, बिघाड, आणि लॅटिन दिस, वेगळं करणं, हे हुबेहूब एक दिसतात. धाप लागणं इंग्रजीत डिस्प्निया, जर्मनमध्ये ड्युस्प्नोए, इटालियनमध्ये दिस्प्नेआ, आणि स्पॅनिशमध्ये प सुद्धा गळून नुसतं दिस्नेआ. तो दुस. पण दिसइन्फेत्सिओने, निर्जंतुकीकरण, हा लॅटिन. कुठला आहे ते पुढच्या शब्दावरून ठरवा: पुढे ग्रीक असेल तर बहुधा ग्रीक. रशियन डॉक्टर धापेला अनेकदा ओदिश्का हा अस्सल घरचा शब्द लिहितात, तिथे उपसर्ग शोधत बसू नका.

तिसरा पारा. पॅरासोल, पॅराशूट यांतला पारा ग्रीक नाहीच. तो इटालियन 'पारारे', अडवणं, यातून आलेला: ऊन अडवणारं, पडणं अडवणारं. स्पॅनिश पारागुआस, पाणी अडवणारी, म्हणजे छत्री, हाही त्याच घरचा. आणि ग्रीक पारा रसायनशास्त्रात गेला तो वेगळ्याच कामाला. बेंझिन या रसायनाच्या रेणूत कार्बन अणूंचं गोल कडं असतं, त्यावर दोन अणुगट एकमेकांपासून कुठे बसलेत हे सांगायला ऑर्थो, मेटा, पॅरा असे तीन ग्रीक शब्द घेतले. पॅरा म्हणजे अगदी समोरासमोर. तुम्ही दिवसभर पाहता ते पॅरासिटामॉल हे नाव पॅरा-ॲसिटिलअमिनोफिनॉल या रासायनिक नावातून काढलेलं आहे. त्यातला पॅरा तो हा.

चौथा अन आणि आना यांचा. ॲनाल्जेसिक म्हणजे अन अधिक आल्गोस, वेदना नसणं. ॲनालिसिस मात्र आना अधिक लुसिस. आणि तुमच्या कामातला सर्वांत गंभीर शब्द, ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीची जिवावर बेतू शकणारी तीव्र प्रतिक्रिया, तोही आना. 1902 मध्ये शार्ल रिशे आणि पोल पोर्तिए या फ्रेंच संशोधकांनी तो घडवला. फिलॅक्सिस म्हणजे संरक्षण. शरीराला आधी दिलेल्या द्रव्याने संरक्षण मिळायच्या ऐवजी उलटच होतं, हे त्यांना सांगायचं होतं. रिशेंना या कामासाठी 1913 चं नोबेल मिळालं. युरोपातल्या बहुतेक भाषांनी हा शब्द जवळजवळ जसाच्या तसा ठेवला आहे, आणि ते फार चांगलं झालं.

निमिष

एक जोड देतो. लॅटिनमध्ये स असेल तिथे ग्रीकमध्ये ह असतो, हा नियम लक्षात ठेवला तर दोन्ही बाजूंचे उपसर्ग जोडीने आठवतात. सेमी आणि हेमी, सेप्टेम आणि हेप्टा, सुपर आणि हायपर, सब आणि हायपो.

परसवर्ण

पहिल्या दोन जोड्या पक्क्या आहेत. मूळचा स संस्कृत आणि लॅटिनने सांभाळला, ग्रीकने ह केला. सप्त, सेप्टेम, हेप्टा. अर्धा या अर्थाचा संस्कृत 'सामि', लॅटिन सेमी, ग्रीक हेमी. षट्, सेक्स, हेक्सा ही तिसरीही घ्या.

सुपर आणि सब यांची गोष्ट निराळी. उपरि आणि उप मध्ये स नाही. म्हणजे मुळात तो नव्हताच, लॅटिनमध्ये मागून चिकटला. आणि ग्रीकमध्ये उ ने सुरू होणाऱ्या शब्दाला ह लागतोच, म्हणून हुपेर. आठवणीसाठी जोडी वापरायला हरकत नाही, नियम म्हणून मांडू नये.

किलोचंही सांगून टाकतो, कारण तो उपसर्ग जगात सर्वांत जास्त तोंडी असेल. 1795 मध्ये फ्रान्सने मेट्रिक मापं कायद्याने ठरवली तेव्हा पटीसाठी ग्रीक, भागासाठी लॅटिन अशी वाटणी केली. डेका, हेक्टो, किलो ग्रीक. डेसी, सेंटी, मिली लॅटिन. ग्रीक खिलिओई म्हणजे हजार, आणि आपल्या सहस्र मधला 'हस्र' त्याचा सख्खा. इटालियन लोक किलो सी-एच घालून लिहितात, खूण मात्र सगळ्यांसारखी के-जीच. मायक्रो नंतर आला आणि ग्रीक असूनही लहान मापाला लागला, त्यामुळे ती वाटणी पुढे टिकली नाही.

रेवा

सगळ्यांचे मनापासून आभार. चौथी विभक्ती ताई, पॅरासिटामॉलचं मला खरंच माहीत नव्हतं, इतकी वर्षं टाइप करते आहे.

एक आजचीच ओळ विचारते. स्पॅनिश प्रतीत आहे 'दोलोर एन इपोकोंद्रियो देरेचो'. दोलोर म्हणजे वेदना आणि देरेचो म्हणजे उजवा, एवढं शोधलं. भाषांतरात मात्र रुग्ण 'हायपोकॉन्ड्रियॅक' आहे, म्हणजे आजाराची उगाच धास्ती घेणारा आहे, अशा अर्थाचं वाक्य आहे. इथे हायपो म्हणजे काय कमी?

चौथी विभक्ती

रेवा, ते भाषांतर ताबडतोब परत पाठवा.

हायपोला दोन अर्थ आहेत. पुढे प्रमाण किंवा क्रिया असेल, म्हणजे साखर, दाब, सोडियम, थायरॉइडचं काम, तर हायपो म्हणजे कमी. पुढे शरीराचा भाग असेल तर तो जुना, मूळ अर्थ: खाली. हायपोडर्मिक म्हणजे त्वचेच्या खाली. हायपोग्लॉसल म्हणजे जिभेच्या खालचा मज्जातंतू. इपोकोंद्रियो यातला खोंद्रोस म्हणजे कूर्चा, बरगड्यांची. बरगड्यांच्या कूर्चेखालचा पोटाचा भाग. प्रत्येक बाजूला एक, उजवा आणि डावा. विनाकारण आजारांची धास्ती घेण्याला हायपोकॉन्ड्रिया म्हणतात ते नाव याच भागावरून पडलं, कारण त्या उदासीचं मूळ या भागातल्या अवयवांत आहे असं पूर्वी मानत. पण शरीररचनेच्या भाषेत तो आजही निव्वळ जागेचा शब्द आहे आणि स्पॅनिश डॉक्टर तो रोज लिहितात.

तेव्हा ओळीचा अर्थ एवढाच: उजव्या बरगडीखाली दुखतं आहे. तिथे यकृत असतं. औषधाच्या अहवालात ही तक्रार रुग्णाच्या मनाचा खेळ म्हणून नोंदली गेली तर यकृताकडे कुणी बघणार नाही. यकृताच्या तपासण्यांचे आकडे मूळ प्रतीत दिले आहेत का ते आधी शोधा. स्पॅनिशमध्ये यकृताचं विशेषण 'एपातिको', ग्रीक हेपार वरूनच आलेलं, ह लिहिलेला पण न उच्चारलेला. एच ने सुरू होणारे शब्द चाळा, लगेच सापडेल.